सुनंदाची पात

आषाढ अर्धा सरला की आमच्या भागात माणसांचे चेहरे दिसेनासे होतात, नुसत्या पाठी दिसतात. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीशी बसलं की दोन्ही बाजूंना बांध घातलेली धानाची शेतं, आमच्याकडच्या बांध्या, बांधीत पिंढरीभर चिखल आणि चिखलात वाकलेल्या बायांची ओळ. लुगडी वर खोचलेली, पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधलेला. बस हॉर्न वाजवत जाते. एखादी बाई मान वर करते, बाकीच्या करत नाहीत. कडेच्या बांधावर, धुऱ्यावर, पऱ्ह्यांच्या म्हणजे धानाच्या रोपांच्या हिरव्या पेंड्या टाकलेल्या असतात. रोवणा, धानाची लावणी, सुरू झाला, हे सांगायला दुसरं काही लागत नाही.

बाहेरच्या लोकांना हे दृश्य फार आवडतं. आमच्या कॉलेजात नागपूरकडचे एक प्राध्यापक आहेत, ते बसमधून मोबाइलवर फोटो काढतात आणि म्हणतात, ‘काय हिरवं आहे हो तुमच्याकडे!’ मी हो म्हणते. माझी मात्र या दिवसांत उगाच चिडचिड होते. डबा उघडावासा वाटत नाही. कोणी सरळ प्रश्न विचारला तरी माझं उत्तर वाकडं जातं. घरचे म्हणतात, दमट हवेचा त्रास असेल. मी त्यांना तसंच समजू देते, कारण खरं कारण सांगायचं तर पार माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत मागे जावं लागेल.

यंदा जावंच लागलं. आमच्या कॉलेजच्या फलकावर एक सरकारी सूचना लागली. घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींचं पुढे काय होतं, याचा मागोवा घेणारं सर्वेक्षण पुन्हा होणार आहे. त्याच्या प्रश्नावलीचा मसुदा सोबत जोडला आहे. नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना सोबतच्या छापील नमुन्यात अमुक तारखेच्या आत लेखी कळवाव्यात. तारीख बघितली आणि हसू आलं. ऐन रोवण्यातली. ज्यांच्याबद्दल विचारायचं, ते आणि त्यांचे आईबाप या दिवसांत कागदाकडे बघणार कधी?

मी ग्रंथपाल. कागद वाचायची सवय अंगात मुरलेली. मसुदा मी शेवटपर्यंत वाचला, आणि तिसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरातली ती सूचना सापडली. ‘विद्यार्थी गैरहजर असल्यास त्याच्या सोबत्याकडून माहिती घेऊन रकाने पूर्ण करावेत.’ हे असंच मी एकदा केलं होतं, तेव्हा तर तसा नियमही नव्हता.

*

तेव्हा जिल्हा नुकताच भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता. सरकारी कागदांवर अजून ‘जिल्हा भंडारा’ छापलेलं असायचं आणि त्यावर काट मारून कोणीतरी हाताने ‘गोंदिया’ लिहायचं. मी आणि सुनंदा नागऱ्याच्या पलीकडल्या आमच्या गावाहून सायकलने गोंदियाला कॉलेजात जायचो. नागऱ्याला शंकराच्या देवळाजवळ ती थांबायची, कारण तिची चेन तिथेच पडायची. का तिथेच, कोण जाणे. पुढे राइस मिलचा पट्टा लागला की हवेत कोंडा उडायचा, डोळ्यांत जायचा, आणि आम्ही रडक्या डोळ्यांनी वर्गात शिरायचो. पहिल्याच दिवशी इंग्रजीच्या सरांनी विचारलं होतं, ‘अरे, घरी काही झालं का?’

आम्ही दोघीही आपापल्या घरातल्या पहिल्याच. पण पहिल्या-पहिल्यातही फरक असतो. माझे बाबा शेतीवाले. आमचे पूर्वज माळव्यातून आले, घरी अजून पोवारी बोलतात, आणि गावात बाबांना सगळे पाटील म्हणायचे. सुनंदाचं घर बौद्ध वस्तीत. तिची आई, मी तिला मावशी म्हणायचे, रोवण्याच्या टोळीत जायची आणि ती टोळी आमच्याच बांध्यांचा गुत्ता घ्यायची. म्हणजे ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या बायांनी सगळा रोवणा उरकून द्यायचा. मावशी वाकायची ती आमच्या चिखलात, आणि तिची मुलगी माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. याचं आम्हाला दोघींनाही तेव्हा काही वाटत नव्हतं. मला वाटत नव्हतं, असं म्हणते. तिचं मी कधी विचारलं नाही.

सुनंदा माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी नम्रपणाने म्हणत नाही. नम्रपणा माझ्यात फारसा नाही. मला पाठ करावं लागायचं, तिला कळायचं. इतिहासाच्या तासाला ती असा एखादा प्रश्न विचारायची की सर खडू ठेवून खुर्चीत बसायचे. ग्रंथालयाचं कार्ड आम्हा दोघींत तिने आधी काढलं. कारकुनाने तिला फॉर्म देत म्हटलं होतं, ‘पूरा भरना, एक भी खाना खाली मत छोड़ना।’ तिने भरला, उलट त्याच्याच छापील फॉर्मातली एक चूक त्याला दाखवली.

त्याच कारकुनाने आम्हाला निळ्या रंगाचा तो सर्वेक्षणाचा कागदही दिला होता. कुटुंबातून कॉलेजात येणारे तुम्ही पहिले का? हो. वडिलांचं शिक्षण? आईचं शिक्षण? सुनंदाने आईच्या रकान्यात ‘सही येते’ असं लिहिलं. मी माझ्या आईच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. ते काम इतिहासाच्या सरांकडे होतं; त्यांनी वर्गात सांगितलं की तुमचा मागोवा घेतला जाणार, कोण टिकतं, कोण गळतं ते बघणार. गळणाऱ्याच्या घरी जाऊन विचारणार. ते सर भले होते. स्कूटरवरून फिरायचे, पावसातसुद्धा.

*

मग रोवणा लागला आणि तिच्या आईची कंबर धरली. आमच्याच बांधीत. मी घरी होते, रविवार असावा. मावशीला टोळीतल्या दोघींनी धरून धुऱ्यावर आणून बसवलं. ‘कंबर उठूच देऊन नायी राहिली वो,’ असं ती म्हणत होती, आणि हसत होती, कारण बाबा समोर उभे होते. बाबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी घरातून तिच्यासाठी चहा आणायला सांगितला. मग म्हणाले, ‘पात खाली नायी रायली पायजे, बाई. पऱ्हे उपटून पडले हायत. कोनाले तरी पाठव.’

पातीबद्दल सांगायला हवं. बांधीत बाया ओळीने उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टा येतो, ती तिची पात. एकीची पात रिकामी राहिली तर सगळ्यांचं काम अडतं. म्हणून टोळीत रिवाज असा की बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या घरातून कोणीतरी तिच्या पातीवर उभं राहतं. बहीण, सून, लेक, कोणीही. आणि हजेरी लागते ती मूळ बाईचीच. जिची पात भरली ती हजर. तिची जागा कोणी घेत नाही. पुढल्या वर्षी ती बरी होऊन आली की आपल्या पातीवर जाऊन उभी राहते. त्या रिवाजात माया आहे, हे मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदा आईच्या पातीवर उभी होती. मी सायकल घेऊन निघाले, तर ती धुऱ्यावरून ओरडली, ‘रोवना झाला का येतो मी! तू तोपावत वह्या लिहून ठेव!’

मी वह्या लिहिल्या. दोन-दोन. एक माझी, एक तिची. तिच्या वहीत अक्षर जरा बरं काढायचे.

*

आमच्या भागात जुलै-ऑगस्टात कॉलेजचे वर्ग अर्धे रिकामे असतात. शिकवणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं. पण कागदांना ठाऊक नसतं. त्या वर्षी सर्वेक्षणाचा दुसरा कागद, ‘सध्याची स्थिती’ नावाचा, नेमका त्याच दिवसांत आला. सर नाव पुकारत होते, जो हजर तो आपला कागद भरत होता. जो नाही त्याचा कोरा कागद सर बाजूला ठेवत होते. सुनंदाचं नाव आलं. सरांचा हात त्या बाजूच्या गठ्ठ्याकडे गेला.

आणि मी उठून उभी राहिले. ‘सर, तिचा मी भरते. मला सगळं माहीत आहे.’

सरांना हायसं वाटलं असणार. त्यांनी कागद दिला. शिक्षण सुरू आहे काय? सुरू आहे. उपस्थिती? नियमित. अडचण असल्यास नमूद करावी. काही नाही. मी भराभर लिहीत गेले आणि मनात फार बरं वाटत होतं. मी तिची पात भरत होते. माझ्या डोक्यात खरोखरच तेच होतं, चिखलातला तो रिवाज मी उचलून बाकावर आणला होता. कागद भरला म्हणजे ती हजर, तिची जागा राखली, आली की आपल्या पातीवर उभी राहील. शहरातल्या कुठल्याही मुलीने हा मूर्खपणा केला नसता. तिला कळलं असतं की सरकारच्या कागदावर रिकामी जागाच बोलते, भरलेली जागा गप्प बसते.

रोवणा संपला. मावशीची कंबर काही सरळ झाली नाही. मग निंदण आलं, मग धान पिवळं झालं. सुनंदा पातीवरून हलली नाही. एकदा हातपंपावर भेटली. घागर भरली, काखेत घेतली आणि मग तिने विचारलं, ‘सर काही मनत होते का, माज्याबद्दल?’

मी म्हटलं, ‘नाही गं.’ ते खरंच होतं. सर कशाला म्हणतील? त्यांच्या कागदात ती नियमित होती.

दिवाळीनंतर वर्गात एक मुलगी परत आली. आमगावच्या बाजूची, तीही रोवण्यापासून बेपत्ता होती. तिचा कागद कोरा राहिला होता. सर दोनदा स्कूटरने तिच्या घरी गेले, तिच्या वडिलांशी बोलले, राहिलेला अभ्यास शिकवून द्यायचं कबूल केलं. ती सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या, कारण सरांची स्कूटर म्हणे त्यांच्या गावच्या नाल्यात फसली होती. मीही हसले. सुनंदाच्या घरी कोणी का गेलं नाही, ते मला त्या क्षणी कळलं.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकते. पुढचं नाही. त्याच आठवड्यात सरांनी मला व्हरांड्यात थांबवून विचारलं, ‘काय गं, तुझी ती मैत्रीण दिसत नाही. येते ना?’

मी म्हटलं, ‘येते, सर.’

का म्हटलं? खोटं उघडं पडेल म्हणून, हे एक. पण तेवढंच नव्हतं. सर स्कूटर घेऊन गावात आले असते तर सुनंदा त्यांना घरी सापडली नसती. ती आमच्या बांधीत सापडली असती, आमचं धान कापताना. सरांनी बाबांकडे बघितलं असतं आणि मग माझ्याकडे. ती नजर मला नको होती. तेवढ्या एका नजरेपायी मी तिला तिथेच ठेवलं.

तिच्या वह्या मी पूर्ण लिहिल्या आणि कधीच दिल्या नाहीत. माझं बी.ए. झालं, पुढचा कोर्स झाला, नोकरी लागली. सुनंदाचं लग्न कोहमाऱ्याजवळच्या एका गावात झालं. एकदा चौकात धाब्यापाशी बस थांबली होती, तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली, डोक्यावर काहीतरी ओझं होतं. मी पदर पुढे ओढून खाली वाकले, पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखी. बस निघाली तेव्हाच मान वर केली.

*

हरकतीचा कागद मी लिहायला घेतला. ‘सोबत्याकडून माहिती घेऊ नये,’ इथवर दीड पान सोपं गेलं. ‘कारण,’ असं लिहिलं आणि हात थांबला. कारण दुसऱ्या कोणाच्या तरी आयुष्यात होतं. तिला न विचारता ते लिहिणं म्हणजे पुन्हा तिचा कागद मीच भरणं. शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कोहमाऱ्याला उतरून चालत तिच्या गावी गेले.

घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीने हाताने नुसती दिशा दाखवली.

ओळीत दहा-बारा पाठी होत्या. तिची कुठली ते ओळखू आलं नाही, हे मला फार लागलं. मी धुऱ्यावरून हाक मारली. मधली एक पाठ सरळ झाली.

‘काऊन आली वो? कोनी मेलं का?’

‘नाही गं.’

‘मंग? रोवन्यात कोनी पावना येते का?’ ती पुन्हा वाकली. ‘बोल तिथूनच. आयकून राहिली.’

तिच्या पाठीकडे बघत मी सगळं सांगितलं. कागद, त्यावरचं ‘नियमित’, आमगावकडची मुलगी, व्हरांडा, ‘येते, सर.’ बाबांचं धानही सांगितलं. तिचा हात थांबला नाही. पेंडीतून चार काड्या सुटायच्या, अंगठ्याने चिखलात जायच्या, पाय एक पाऊल मागे. बाजूच्या बाया ऐकत होत्या, पण त्यांना त्यातलं फारसं उमगलं नसावं.

‘मंजे कागदावर मी सिकूनच राहिली होती?’

‘हो.’

‘कितीक दिवस?’

‘माहीत नाही. बहुतेक शेवटपर्यंत.’

‘मंग बी.ए. झाली का मी?’

बाया खळखळून हसल्या. एक म्हणाली, ‘आता पेढे दे वो, सुनंदा!’ सुनंदाही हसली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग तिने नवी पेंडी सोडली आणि लावत राहिली.

शेवटी मी म्हटलं, ‘मला हे कळवायचंय. ती ओळ काढा म्हणून. तुझं नाव घालू का? तू म्हणशील तसं लिहिते.’

ती सरळ झाली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती अगदी तिच्या आईसारखी उभी होती.

‘तू नोको लिहू,’ ती म्हणाली. ‘कागद आन. अन् माजी पात धर.’

मी चपला काढल्या, साडी खोचली, उतरले. तिने धुऱ्याशी साचलेल्या पाण्यात हात धुतले, लुगड्याला पुसले, माझ्याकडून हरकतीचा कोरा नमुना आणि पेन घेऊन ती दगडावर बसली. मी तिच्या पातीवर वाकले. माझ्या बापाच्या बांध्या असून मी उभ्या जन्मात रोवणा केला नव्हता. मी लावलेले पऱ्हे सुटून पाण्यावर तरंगायला लागले. ‘मॅडम, अंगठ्यानं दाब वो, नायी तं वायून जाते!’ बाजूची बाई ओरडली. दहा मिनिटांत माझी कंबर भरून आली. ओळ पुढे सरकत होती आणि मी तिला अडवत होते. दोन्ही बाजूंच्या बायांनी न सांगता माझ्या पातीतल्या थोड्या-थोड्या काड्या लावून घेतल्या.

सुनंदा लिहीत होती. मधेच पेन थांबायचं, ती समोर बघायची, पुन्हा लिहायची. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ती आली, कागदाची घडी माझ्या पिशवीत घातली आणि मी लावलेले निम्मे पऱ्हे उपटून पुन्हा नीट लावले.

‘जा आता. बस सुटन तुजी.’

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. किंवा म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं. दोन्हींपैकी काहीच ती म्हणाली नाही. धुऱ्यावर चढून मी मागे बघितलं तेव्हा ओळीत पुन्हा सगळ्या पाठीच होत्या, पण या वेळी तिची मला ओळखता आली.

कोहमाऱ्याच्या चौकात बसची वाट बघत उभी राहिले. पायांचा चिखल वाळून ताणत होता. ट्रक जात होते, धाब्यावर कोणीतरी हिंदी गाणं मोठ्याने लावलं होतं. पिशवीत माझा कागदही होता, दीड पानाचा, मुद्देसूद, क्रमांक घातलेला. आता त्यात माझं नाव आणि मी केलेलं तेवढं घालायचं राहिलं होतं. तिची घडी मी उघडली. नाव, गाव, सही. अक्षर अजून तसंच होतं, माझ्यापेक्षा बरं. ‘हरकत किंवा सूचना’ या रकान्यात एवढंच होतं:

‘मी कॉलेजले जात होती. रोवन्यापायी सुटलं. मंग मले पाहाले कोनी नायी आलं. मी घरीच होती.’